एथिलीन डायअमाइन टेट्राॲसिटिक अम्ल

एक कार्बनी अम्ल. धातूंच्या आयनांना (विद्युत् भारित अणूंना) चहूबाजूंनी वेढून त्यांच्याशी स्थिर व पाण्यात विरघळणारी संयुगे बनविण्याच्या गुणामुळे हे प्रसिद्ध आहे. एथिलीन डायअमाइनाच्या रेणूतील दोन नायट्रोजन अणूंना जोडलेल्या चार हायड्रोजन अणूंच्या जागी ॲसिटिक अम्लाचे चार गट आले म्हणजे हे संयुग तयार होते. नाव लांबलचक असल्यामुळे प्रयोगशाळांत व व्यापारात ते ईडीटीए या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. पाण्याचा कठीणपणा मोजणे, तपासणीसाठी घेतलेले रक्त न गोठता ठेवणे, आनुवंशिक द्रव्य टिकविणे आणि शिशाच्या विषबाधेवर उपचार करणे ही वरवर एकमेकांशी संबंध नसलेली कामे या एकाच रेणूकडून करून घेतली जातात. या सर्वांच्या मुळाशी एकच गुणधर्म आहे आणि हे संयुग वापरताना होणाऱ्या चुकांच्या मुळाशीही तोच आहे.

गुणधर्म : ईडीटीएच्या रेणूत कार्बनाचे १०, हायड्रोजनाचे १६, नायट्रोजनाचे २ व ऑक्सिजनाचे ८ अणू असतात. रेणुभार २९२·२४. ते पांढऱ्या स्फटिकी चूर्णाच्या रूपात मिळते. तापविल्यास सु. २४०° से. तापमानाला वितळण्याऐवजी त्याचे अपघटन होते (घटक द्रव्ये अलग होतात). मुक्त अम्ल पाण्यात फारच थोडे विरघळते. नेहमीच्या तापमानाला १ लिटर पाण्यात त्याचे प्रमाण सु. अर्ध्या ग्रॅमपलीकडे जात नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत बहुधा त्याचे डायसोडियम लवण वापरतात. हे लवण दोन स्फटिकजलांसह मिळते, त्याचा रेणुभार ३७२·२४ असून १ लिटर पाण्यात ते सु. १०० ग्रॅ. विरघळते. बाटलीवर नुसते ‘ईडीटीए’ असे लिहिलेले असले, तरी आत अम्ल आहे की लवण, आणि लवण असल्यास कोणत्या धातूचे, हे पाहिल्याशिवाय ते वापरणे योग्य नसते. ही सूचना किरकोळ नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

पाण्यात असलेला धातूचा आयन कधीच एकटा नसतो. त्याच्याभोवती पाण्याचे, बहुधा सहा, रेणू चिकटलेले असतात. ईडीटीएच्या रेणूत धातूला इलेक्ट्रॉन-युग्म देऊ शकणारी सहा स्थाने आहेत : दोन नायट्रोजन अणू व चार कार्‌बॉक्सिल गटांतील प्रत्येकी एक ऑक्सिजन अणू. रेणू लवचिक असल्यामुळे तो धातूभोवती वळसा घेतो व ही सहाही स्थाने एकाच वेळी धातूला जोडली जातात. अष्टफलकाच्या मध्यभागी धातू आणि सहा कोपऱ्यांवर ईडीटीएचे सहा अणू अशी ही रचना असते. तीत धातूला सामावून घेणारी, प्रत्येकी पाच अणूंची अशी पाच वलये बनतात. अशा वलययुक्त संयुगांना कीलेट संयुगे म्हणतात. खेकड्याची नांगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव जी. टी. मॉर्गन व एच. डी. के. ड्रू या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये सुचविले. मराठीत या क्रियेला ग्राभण ही संज्ञा योजली आहे. खेकड्याला नांग्या दोनच असतात. ईडीटीएला सहा आहेत, एवढाच उपमेतील फरक.

ही पकड इतकी घट्ट का असते, हे केवळ बंधांच्या बळावरून कळत नाही. नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे सुटे सुटे सहा रेणू धातूला जोडले, तरी बंध तितकेच होतात. परंतु ते संयुग कितीतरी कमी स्थिर असते. ईडीटीएचा एक रेणू धातूला जोडला जाताना पाण्याचे सहा रेणू मोकळे होतात, म्हणजे विक्रियेपूर्वी दोन कण असतात तेथे विक्रियेनंतर सात होतात. मोकळ्या कणांची संख्या वाढणे, पर्यायाने अव्यवस्था वाढणे, हे निसर्गतः अनुकूल असल्यामुळे विक्रिया त्या दिशेने जोराने होते. शिवाय धातूपासून एखादा अणू क्षणभर सुटला, तरी उरलेले पाच त्याला दूर जाऊ देत नाहीत.

पकडीचे बळ स्थिरता स्थिरांकाने दर्शवितात. १० चा कितवा घात घेतला असता हा स्थिरांक मिळतो, ती संख्या पुढीलप्रमाणे आहे : सोडियम सु. १·७, मॅग्नेशियम ८·८, कॅल्शियम १०·७, जस्त १६·५, शिसे १८·०, तांबे १८·८, त्रिसंयुजी लोह २५·१ व बिस्मथ सु. २७·८. येथे प्रत्येक पूर्णांकाचा फरक दसपटीचा आहे. म्हणजे लोहावरील पकड कॅल्शियमावरील पकडीपेक्षा लक्षावधी कोटी पटींनी बळकट असते. तथापि, यातील सर्वांत दुबळी संख्या वगळता बाकीच्या सर्व मोठ्याच आहेत. सोडियम व पोटॅशियम यांच्यासारखे एकसंयुजी धातू सोडले, तर ईडीटीए जवळजवळ कोणत्याही धातूला धरते. त्याला निवड नाही. ही निवड रसायनशास्त्रज्ञाला बाहेरून लादावी लागते आणि ईडीटीएच्या वापराचे सारे कौशल्य या लादण्यातच आहे.

त्यासाठी मिळालेले मुख्य साधन म्हणजे विद्रावाची अम्लता. धातूला पूर्णपणे वेढण्यासाठी ईडीटीएने आपले चारही अम्लधर्मी हायड्रोजन सोडलेले असले पाहिजेत. पहिले दोन सहज सुटतात. तिसरा उदासीन विद्रावाच्या जवळपास, तर चौथा पीएच मूल्य १० च्या पुढे गेल्यावर निम्म्याहून अधिक रेणूंतून सुटतो. पीएच १० असताना ईडीटीएचे सु. ३० टक्के रेणू पूर्णपणे मोकळे असतात. पीएच ७ असताना सु. दोन हजारांत एकच तसा असतो, तर पीएच ४ असताना हे प्रमाण काही कोटींत एक इतके खाली येते. म्हणून अम्लीय विद्रावात फक्त ज्यांच्यावरील पकड अतिशय बळकट आहे असे लोह, बिस्मथ यांसारखे धातू बांधले जातात. कॅल्शियम व मॅग्नेशियम सुटे राहतात. विद्राव क्षारीय करीत गेल्यास आधी जस्त, शिसे, तांबे यांची पाळी येते व सर्वांत शेवटी मॅग्नेशियम बांधले जाते. अम्लता हा जणू पकड सैल-घट्ट करण्याचा पेचच होय. मात्र फार क्षारीय विद्रावात काही धातू हायड्रॉक्साइडांच्या रूपात खाली बसतात. त्यामुळे हा पेच एका मर्यादेपलीकडे आवळता येत नाही.

इतिहास : ईडीटीएचा शोध वस्त्रोद्योगाच्या गरजेतून लागला. कठीण पाण्यातील कॅल्शियममुळे कापडावर रंग एकसारखा चढत नाही व डाग पडतात. यासाठी सायट्रिक अम्ल वापरीत असत, पण जर्मनीला ते आयात करावे लागे. त्याला देशी पर्याय शोधताना आय. जी. फार्बेन या उद्योगसमूहातील फेर्डिनांट म्युंट्स यांनी एथिलीन डायअमाइन व क्लोरोॲसिटिक अम्ल यांच्यापासून हे संयुग तयार केले व १९३५ मध्ये त्याच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला. ते ट्रायलॉन बी या नावाने बाजारात आले. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक बर्झवर्थ यांनी फॉर्माल्डिहाइड व सोडियम सायनाइड वापरून ते बनविण्याची पद्धत बसविली. औद्योगिक उत्पादनाचा मुख्य मार्ग पुढे हाच झाला.

रंगाऱ्याच्या या मदतनिसाला वैश्लेषिक रसायनशास्त्रात मानाचे स्थान मिळवून दिले ते गेरोल्ड श्वार्त्सेनबाख (१९०४–७८) यांनी. ते झुरिक विद्यापीठात काम करीत होते. जटिल संयुगांच्या रचनेचा पाया घालणारे व १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे आल्फ्रेड व्हेर्नर यांचे विद्यापीठही हेच. श्वार्त्सेनबाख यांनी १९४५ पासून या वर्गातील संयुगांवर लेखमाला प्रसिद्ध केली. धातूंशी त्यांची विक्रिया ठराविक प्रमाणात व पूर्णत्वाने होते, म्हणून तिचा उपयोग धातू मोजण्यासाठी करता येईल, हे त्यांनी दाखवून दिले. अडचण एवढीच होती की, विक्रिया केव्हा पूर्ण झाली हे डोळ्यांना दिसत नव्हते. म्युरेक्साइड या रंजकाचा रंग कॅल्शियमच्या सान्निध्यात बदलतो हे लक्षात आल्यावर अशा आणखी रंजकांचा शोध सुरू झाला. १९४८ मध्ये श्वार्त्सेनबाख व व्ही. बीडरमान यांनी एरिओक्रोम ब्लॅक टी हा लोकर रंगविण्याचा रंग दर्शक म्हणून पुढे आणला. वस्त्रोद्योगातून आलेल्या संयुगाला जोडीदारही वस्त्रोद्योगातूनच मिळाला. वलयांमुळे येणाऱ्या जादा स्थिरतेला ‘कीलेट परिणाम’ हे नावही श्वार्त्सेनबाख यांनीच १९५२ मध्ये दिले.

अनुमापन : प्रयोगशाळेतील ईडीटीएचा सर्वांत परिचित उपयोग म्हणजे पाण्याचा कठीणपणा मोजणे. पूर्वी त्यासाठी नमुन्यात साबणाचा विद्राव घालून टिकाऊ फेस येईपर्यंत बाटली हलवीत असत. फेस टिकाऊ झाला की नाही, हे पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून असे. ईडीटीएने हे काम काही मिनिटांत व कितीतरी अधिक अचूकतेने होऊ लागले.

पाण्याच्या नमुन्यात अमोनिया व अमोनियम क्लोराइड यांचा बफर विद्राव घालून पीएच मूल्य १० च्या जवळ स्थिर करतात व एरिओक्रोम ब्लॅक टी अगदी थोडा घालतात. नमुन्यातील मॅग्नेशियमाचा काही भाग या दर्शकाशी जोडला जाऊन पाणी मद्यासारखे लाल दिसते. मग ब्युरेटमधून ०·०१ मोलर ईडीटीए विद्राव सोडतात. ईडीटीए प्रथम मोकळे कॅल्शियम, नंतर मोकळे मॅग्नेशियम आणि सर्वांत शेवटी दर्शकाने धरलेले मॅग्नेशियम ओढून घेते. दर्शक मोकळा होताच लाल छटा जाऊन विद्राव स्वच्छ निळा होतो. ०·०१ मोलर विद्रावाचा १ मिलि. हा १ मिग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटाबरोबर असतो, हा योगायोग हिशेबाला फार सोयीचा आहे. उदा., ५० मिलि. पाण्याला १८ मिलि. विद्राव लागला, तर त्या पाण्याचा कठीणपणा लिटरला ३६० मिग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट इतका झाला. भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) पिण्याच्या पाण्यात हे प्रमाण २०० मिग्रॅ. पर्यंत स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिग्रॅ. पर्यंत चालू शकते. म्हणजे असे पाणी चांगले नव्हे, पण अन्य सोय नसेल तर पिता येईल. अनेक गावांत विंधन विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरावे की नाही हे ठरविताना जी निळी छटा पाहिली जाते, ती हीच.

या साध्या दिसणाऱ्या कृतीत काही खाचाखोचा आहेत. कॅल्शियमाची या दर्शकावरील पकड सैल असते. त्यामुळे नमुन्यात मॅग्नेशियम मुळीच नसेल, तर रंगबदल ठळक होत नाही. यासाठी बफर विद्रावातच मॅग्नेशियम व ईडीटीए यांचे संयुग थोडे मिसळून ठेवतात. त्यात दोन्ही सारख्या प्रमाणात असल्याने उत्तर बदलत नाही. नमुना बफर घातल्यावर फार वेळ ठेवल्यास कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागते, म्हणून अनुमापन पाच मिनिटांत उरकावे लागते. पाण्यात तांबे, निकेल किंवा लोह असेल, तर ते दर्शकाला असे धरून बसतात की ईडीटीएला तो सोडविता येत नाही व लाल रंग जातच नाही. शिवाय ईडीटीएचा विद्राव काचेऐवजी पॉलिथिनाच्या बाटलीत ठेवणे चांगले. कारण काचेतील धातूही तो हळूहळू काढून घेतो व त्याची तीव्रता कमी होते. केवळ कॅल्शियम मोजावयाचे असल्यास सोडियम हायड्रॉक्साइडाने पीएच १२ च्या वर नेतात. मग मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडाच्या रूपात बाजूला पडते व दर्शक म्हणून म्युरेक्साइडासारखे रंजक वापरतात.

मिश्रधातूंच्या विश्लेषणात अम्लतेच्या पेचाचा उपयोग अधिक स्पष्ट दिसतो. बिस्मथ व शिसे एकत्र असल्यास पीएच १ ते २ च्या दरम्यान झायलेनॉल ऑरेंज हा दर्शक वापरून फक्त बिस्मथ मोजता येते, कारण इतक्या अम्लीय विद्रावात शिसे बांधलेच जात नाही. त्याच पात्रात पीएच ५ ते ६ पर्यंत वाढविले की शिशाची पाळी येते. दुसरी युक्ती म्हणजे नको असलेल्या धातूला आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात देणे. हिला आच्छादन म्हणतात. क्षारीय विद्रावात सायनाइड घातल्यास जस्त, कॅडमियम, तांबे व निकेल झाकले जातात, पण मॅग्नेशियम उघडे राहते. मॅग्नेशियम मोजून झाल्यावर फॉर्माल्डिहाइड घातले की जस्त व कॅडमियम पुन्हा मोकळे होतात आणि त्यांचेही अनुमापन करता येते. कृती देखणी असली, तरी सायनाइड जहाल विष असल्याने व विद्राव चुकून अम्लीय झाल्यास विषारी वायू निघत असल्याने शिकाऊ विद्यार्थ्यांच्या हाती ती देत नाहीत. ॲल्युमिनियमसारख्या ज्या धातूंची ईडीटीएशी विक्रिया फार सावकाश होते, त्यांच्या बाबतीत ईडीटीए जास्त घालून, उकळून, उरलेले ईडीटीए जस्ताच्या विद्रावाने मोजतात.

जीवविज्ञानातील उपयोग : सजीवांतील कितीतरी एंझाइमे मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा जस्त असल्याखेरीज काम करीत नाहीत. धातू काढून घेतला की एंझाइम थांबते. डीएनए या आनुवंशिक द्रव्याचे तुकडे करणाऱ्या एंझाइमांना मॅग्नेशियम लागते. म्हणून डीएनए साठविण्याच्या नेहमीच्या विद्रावात, १० मिलिमोलर ट्रिस व पीएच ८ यांबरोबर, १ मिलिमोलर ईडीटीए असते. हाच रक्षक पुढे अडथळाही होतो. डीएनएच्या प्रती वाढविणाऱ्या पॉलिमरेज शृंखला विक्रियेतील एंझाइमालाही मॅग्नेशियमच लागते; नमुन्याबरोबर ईडीटीए जास्त गेले, तर विक्रिया होतच नाही व नमुन्यात डीएनए नव्हते असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. निकेलयुक्त स्तंभातून प्रथिने शुद्ध करणाऱ्यानेही बफरमध्ये ईडीटीए नाही याची खातरजमा करावी लागते. अन्यथा ते निकेलच धुऊन नेते आणि निळसर स्तंभ पांढरा पडतो.

या प्रयोगशाळांत नव्याने आलेल्याची पहिली फजिती बहुधा ईडीटीएच करते. पीएच ८ चा ०·५ मोलर साठा विद्राव बनविताना डायसोडियम लवण पाण्यात टाकून कितीही ढवळले, तरी ते पूर्ण विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड घालीत पीएच मूल्य ८ च्या जवळ नेले म्हणजे गढूळ मिश्रण पाहता पाहता निवळते. कारण तिसरा हायड्रोजन सुटून अधिक विद्राव्य लवण तयार होते. भांड्याच्या तळाशी रेंगाळणारे हे पांढरे चूर्ण विरघळण्यासाठी उष्णतेपेक्षा क्षाराची गरज असते.

बाटलीच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी सोडविण्यासाठी ट्रिप्सिनाबरोबर ईडीटीए घालतात. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनांना कॅल्शियम लागते आणि ते गेले की पेशी सुट्या होतात. ऊतकांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी हाड मऊ करताना तीव्र अम्लाऐवजी उदासीन ईडीटीए वापरल्यास रचना चांगली राहते, पण या कामाला दिवसांऐवजी आठवडे लागतात.

ईडीटीएच्या निवड नसण्याच्या दोषातूनच एका महत्त्वाच्या शोधाला वळण मिळाले. १९५० नंतरच्या दशकात असे आढळले की, ईडीटीए घातल्यास आकुंचित स्नायुतंतू शिथिल होतात. परंतु ते कॅल्शियम व मॅग्नेशियम दोहोंनाही धरत असल्यामुळे शिथिलता कोणाच्या अभावी येते हे ठरेना. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या सुमारास निरनिराळे कीलेटकारक वापरून पाहिले. त्यांत ईडीटीएचा एक नातलग, ईजीटीए, होता; तो कॅल्शियमाला ईडीटीएइतकेच घट्ट धरतो, पण मॅग्नेशियमाकडे जवळजवळ दुर्लक्ष करतो. शिथिलतेचे प्रमाण कॅल्शियम धरण्याच्या शक्तीशी जुळते असे दिसून आले आणि स्नायूंच्या आकुंचनाची कळ कॅल्शियम आहे या मताला भक्कम आधार मिळाला. रॉजर त्सिएन यांनी १९८० मध्ये ईजीटीएच्या रेणूत ॲरोमॅटिक वलये घालून बाप्टा हे संयुग बनविले. पेशीतील अम्लता थोडी बदलली, तरी त्याच्या पकडीत फारसा फरक पडत नाही. जिवंत पेशीतील कॅल्शियमाची चढउतार दाखविणारी प्रकाशमान रंजके त्यावरूनच तयार झाली.

रक्ततपासणी : रक्त गोठण्याच्या साखळीत कॅल्शियम अपरिहार्य असते. म्हणून रक्तपेशी मोजण्यासाठी घेतलेले रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्या आतील बाजूस ईडीटीएचे पोटॅशियम लवण, १ मिलि. रक्तास सु. १·८ मिग्रॅ. या प्रमाणात, लावलेले असते. पोटॅशियम लवण निवडण्याचे कारण ते सोडियम लवणापेक्षा चटकन विरघळते. त्यात पेशींचा आकार चांगला टिकतो. नळी भरल्यावर ती आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करणे आवश्यक असते. जोराने हलविल्यास पेशी फुटतात व न हलविल्यास बारीक गुठळ्या होतात.

या नळीतील रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतले गेले किंवा सुईबरोबर थोडे ईडीटीए दुसऱ्या नळीत गेले, तर पोटॅशियम भयंकर वाढलेले व कॅल्शियम फार कमी झालेले दिसते. दोन्ही गोष्टी हृदयक्रिया बंद पाडू शकणाऱ्या असल्यामुळे रुग्णावर अनावश्यक तातडीचे उपचार होण्याची भीती असते. जस्त व मॅग्नेशियम काढून घेतल्यामुळे अल्कलाइन फॉस्फेटेज हे एंझाइमही कमी दिसते. ही तीन लक्षणे एकत्र आली, तर जाणकार तंत्रज्ञ आजाराऐवजी नळीचाच संशय घेतो. याच कारणाने रक्त घेताना रसद्रव्याची (सीरमाची) नळी आधी व जांभळी नंतर भरण्याचा क्रम ठरविलेला आहे. काही व्यक्तींच्या, सु. हजारात एकाच्या, रक्तातील बिंबाणू ईडीटीएमध्ये एकमेकांना चिकटतात आणि यंत्राला ते कमी भासतात. सायट्रेट घातलेल्या नळीत पुन्हा मोजणी केल्यावर खरा आकडा मिळतो.

शिशाची विषबाधा आणि दोन लवणे : शिशावरील पकड कॅल्शियमावरील पकडीपेक्षा कोट्यवधी पटींनी बळकट असल्याने ईडीटीएने शरीरातील शिसे काढता यावे, हा विचार स्वाभाविक होता. १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभापासून तसा उपयोग होऊ लागला. यासाठी कॅल्शियम डायसोडियम लवण वापरतात. त्यातील ईडीटीएच्या हाती कॅल्शियम आधीच दिलेले असते. शिसे भेटताच ते कॅल्शियम सोडून शिसे धरते व बनलेले संयुग मूत्रावाटे बाहेर पडते. रक्तातील कॅल्शियमाला धक्का लागत नाही. शिशाबरोबर जस्तही जाते व मात्रा वाढल्यास मूत्रपिंडांना इजा होते, म्हणून उपचार रुग्णालयात, मोजून, मध्ये खंड ठेवून करतात. औषध आतड्यातून नीट शोषले जात नसल्यामुळे ते टोचून द्यावे लागते.

डायसोडियम लवणाची गोष्ट अगदी निराळी आहे. त्याचे हात रिकामे असतात आणि रक्तात त्याला प्रथम व विपुल भेटणारा धातू कॅल्शियम हाच होय. या लवणाचे ३ ग्रॅ. सु. ३२० मिग्रॅ. कॅल्शियम बांधू शकतात. ते कित्येक तासांत सावकाश दिले, तर हाडांतून कॅल्शियम येऊन तूट भरून निघते. वेगाने दिल्यास हृदय थांबू शकते. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात ईडीटीए दिल्यानंतर रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटून तीन व्यक्ती दगावल्याची नोंद तेथील रोगनियंत्रण केंद्रांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत दोन बालके होती. त्यांपैकी एकाला शिशाच्या विषबाधेसाठी रुग्णालयात आणलेले होते आणि त्याला कॅल्शियम डायसोडियम लवणाऐवजी डायसोडियम लवण दिले गेले. दोन्ही औषधांच्या नावांत एका शब्दाचा फरक, दोन्हींचा संक्षेप एकच. २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डायसोडियम लवणाविषयी जाहीर इशारा दिला. औषधपत्रावर केवळ ‘ईडीटीए’ लिहू नये, असे तज्ञ सांगतात ते याच अनुभवामुळे.

रोहिण्यांच्या भिंतींत साचलेले कॅल्शियम काढून हृदयविकार बरा करण्यासाठी डायसोडियम लवण देण्याची प्रथा काही वैद्यकांनी दीर्घकाळ चालविली. तिला पुरेसा आधार नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,७०८ रुग्णांवरील एका अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत हृदयविषयक घटनांचे प्रमाण ३० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचे दिसले व मधुमेही रुग्णांत फायदा अधिक असल्याचे वाटले. म्हणून मधुमेही रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार रक्तातील शिसे बरेच कमी झाले, परंतु हृदयविषयक घटना कमी झाल्या नाहीत. ईडीटीएने आपले रासायनिक काम चोख केले; त्यापासून अपेक्षिलेला लाभ मात्र झाला नाही.

इतर उपयोग : साबण, शांपू, कागद व कापड यांच्या निर्मितीत धातूंमुळे येणारे दोष टाळण्यासाठी ईडीटीए मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. मेयोनेझसारख्या तेलकट खाद्यपदार्थांत कॅल्शियम डायसोडियम लवण अल्प प्रमाणात घालतात. लोह व तांबे यांच्यामुळे तेल खवट होण्याची क्रिया त्यामुळे मंदावते. गव्हाच्या पिठातील फायटेट लोहाला अडवून ठेवते व ते शरीरात शोषले जात नाही. लोह ईडीटीएच्या स्वाधीन करून दिल्यास ते जठरात फायटेटाच्या तावडीतून वाचते. म्हणून पोषणमूल्य वाढविलेल्या पिठात सोडियम लोह ईडीटीए वापरण्यास भारतातही परवानगी आहे. शेतीत जस्त व लोह ही सूक्ष्म पोषकद्रव्ये ईडीटीएशी जोडून देतात. भारतीय खत नियंत्रण आदेशानुसार अशा खतात संबंधित धातू १२ टक्के असावा लागतो. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त, क्षारीय काळ्या जमिनींत लोहाचे हे संयुग मातीत दिल्यास फार काळ टिकत नाही. तेथील विपुल कॅल्शियम लोहाची जागा घेते व सुटलेले लोह अविद्राव्य होते. त्यामुळे अशा ठिकाणी पानांवर फवारणी अधिक उपयुक्त ठरते.

पर्यावरण : ईडीटीए सूक्ष्मजीवांकडून सहजासहजी विघटित होत नाही व सांडपाणी शुद्धीकरणातूनही बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडते. लोहाशी जोडलेले ईडीटीए सूर्यप्रकाशात मोडते, पण हा मार्ग उथळ व स्वच्छ पाण्यापुरताच. स्वतः ते फारसे विषारी नाही. अडचण आहे ती त्याच्या मूळ गुणधर्माची : मातीत किंवा गाळात स्थिरावलेल्या धातूंना ते पुन्हा पाण्यात आणू शकते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या परिसरात खंदकांत सोडलेल्या किरणोत्सर्गी टाकाऊ द्रव्यांतील कोबाल्ट–६० जमिनीतून अपेक्षेपेक्षा दूरवर जात असल्याचे आढळले. उपकरणे धुण्यासाठी वापरलेल्या ईडीटीएने ते धरून भूजलाबरोबर नेले, असे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मातीचे कण ज्या कोबाल्टाला धरून ठेवतील असा भरवसा होता, त्याला ईडीटीएने आधीच आपल्या वेढ्यात घेतले होते. यामुळे लवकर विघटित होणारे कीलेटकारक शोधण्यात आले. त्यांपैकी ईडीडीएस हे ईडीटीएच्याच रेणुसूत्राचे पण वेगळ्या रचनेचे संयुग असून त्याच्या एका प्रकाराचे सूक्ष्मजीवांकडून सहज विघटन होते. तांबे व लोह यांना ते चांगले धरते. कॅल्शियमावरील त्याची पकड मात्र ईडीटीएपेक्षा पुष्कळच दुबळी असते, त्यामुळे पाण्याचा कठीणपणा मोजण्याच्या कामी ते उपयोगी पडत नाही.